आईच्या रक्ताचा माणूस

साफो पडल्याची बातमी दापाला बोन्सूनं दिली, तीही तोंडात घास असताना. बोन्सू म्हणजे समोरच्या टपरीतला गाड्यांचं वायरिंग करणारा. त्याच्या पोटात जेवण कितीही मावतं, बातमी मात्र एक राहत नाही. दोघं दापाच्या दुकानापुढे, जुन्या गिअरबॉक्सच्या ढिगाशेजारी बाकड्यावर बसून केंके आणि तळलेला मासा खात होते. मक्याच्या त्या गोळ्याचा लचका तोडता तोडता बोन्सूनं सांगितलं, की शनिवारी कुणाच्या तरी मयताच्या कार्यात साफो रीतीप्रमाणे खांद्यावर काळं वस्त्र टाकून नाचायला उठला, दोन पावलं टाकली आणि उजव्या अंगावर कोसळला. आता मोठ्या इस्पितळात पडून आहे. उजवा हात उचलवत नाही, तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. रक्त चढलं, म्हणजे रक्तदाब वाढला, आणि डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणतात.

"तुझा भाऊ ना तो?" बोन्सूनं विचारलं.

"माझ्या बापाचा मुलगा," दापा म्हणाला आणि माशाचं डोकं मोडून घेतलं.

घानातल्या आमच्या कुमासीत या दोन गोष्टी एक नाहीत. माणसाला रक्त मिळतं ते आईकडून. कुळ आईचं, घराणं आईचं, मामाचं घरदार भाच्याकडे जातं. बाप नाव देतो, शाळेत घालतो, हिंमत देतो, स्वभाव देतो; पण रक्ताचा एक थेंब देत नाही. म्हणून एका बापाची, दोन आयांची मुलं रोज एका ताटात जेवली तरी रक्तानं परकी. हे कुणी कुणाला शिकवत नाही, ते दुधाबरोबरच पोटात जातं. तेव्हा साफोचं रक्त चढलं याचा दापाशी संबंध शेजाऱ्याच्या पडशाइतकाच होता. निदान असायला हवा होता.

पण दापा हात धुऊन उठला तो एका टोयोटावाल्याला निस्सानचा गिअरबॉक्स दाखवत बसला. गिऱ्हाईक हसलं. बोन्सूही हसला. दापाला हसू आलं नाही, कारण मानेच्या मागे सकाळपासून जे ठणकत होतं ते आता कानात येऊन ठोके देत होतं. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. खुर्चीत बसला तर खुर्ची टोचायला लागली.

दापा एकतीस वर्षांचा, आणि मॅगझिन या गॅरेजांच्या वस्तीतल्या त्या सगळ्या आळीत त्याला 'चेअरमन' म्हणत. आमच्या मॅगझिनमध्ये जिकडे बघावं तिकडे उघडी इंजिनं, वंगण आणि वेल्डिंगच्या ठिणग्या. अशा ठिकाणी ज्याचं पोट सपाट त्याच्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक चढत नाही. वाळलेला दुकानदार म्हणजे एकतर बुडालेला नाहीतर आजारी. दापाचं पोट त्याच्या आधी दुकानाबाहेर येई आणि लोक पोटालाच नमस्कार करत. त्याचा त्याला अभिमान होता. तीन जिने चढताना धाप लागे, रात्री घोरणं भिंतीपलीकडे ऐकू जाई, पण या गोष्टींकडे चेअरमन माणसानं बघायचं नसतं.

संध्याकाळच्या आत त्यानं दुकान बोन्सूवर सोपवलं आणि चौकातल्या औषधांच्या दुकानात गेला. तिथं तावियाह नावाची एक तरुण फार्मसीवाली बसायची. नाकावर माशी बसू न देणारी मुलगी. दापानं डोकेदुखीची गोळी मागितली. तिनं गोळी दिली नाही, स्टूल पुढे सरकवलं आणि दंड मोकळा करायला सांगितलं.

पट्टा दंडाभोवती कसाबसा आला. तिनं हवा भरली तशी चिकटपट्टी चरचरत सुटली. पुन्हा गुंडाळला, बोटांनी धरून ठेवला आणि हवा भरली. आकडा आला तेव्हा तिनं पट्टा सोडला, दुसऱ्या दंडाला बांधला.

"चेअरमन, वर एकशे चौऱ्यांशी, खाली एकशे बारा. घरात कुणाला आहे?"

"माझ्या आईच्या घरात कुणालाही नाही."

"वडिलांच्या?"

"वडिलांच्या घराचं मला काय करायचंय?"

तावियाहनं त्याच्याकडे क्षणभर बघितलं. शिकलेली असली तरी पोरगी इथलीच, तिला उत्तर कळलं. ती म्हणाली, हा पट्टा तुमच्या दंडाला लहान पडतो, लहान पट्ट्यावर आकडा थोडा फुगतो. पण एवढा नाही फुगत. मी मोठा पट्टा मागवते, तोवर उद्या सकाळी दवाखाना गाठा, उशीर करू नका.

दापानं यातलं अर्धंच ऐकलं. पट्टा लहान आहे. बाहेर पडताना त्याला एकदम मोकळं वाटलं. त्यानं वाटेत केळ्याची तिखट भजी घेतली आणि चालता चालता संपवलीसुद्धा.

रात्रीचं जेवण तो आईकडे करायचा. लग्न झालेलं नव्हतं, आणि झालं असतं तरी जेवायला तो इथेच आला असता, असं त्याची आई सेर्वा सगळ्या गल्लीला सांगत असे. सेर्वा म्हणजे पासष्टीची, काटकुळी, वेताच्या छडीसारखी ताठ बाई. स्वतः चिमणीएवढं खायची आणि मुलाला डोंगराएवढं वाढायची. त्या दिवशी कसावा आणि केळी कुटून केलेल्या फुफूचा गोळा दोन मुठींहून मोठा होता, वर ताडफळांचं तांबडं सूप, त्यात बकऱ्याचं मटण आणि खारवलेला मासा. मुलाचं भरलेलं अंग ही तिची कमाई होती. नवऱ्यानं दुसरं घर केल्यावर ज्या बायका तिच्याकडे बघून च्च च्च करत, त्यांच्यासमोरून ती दापाला मुद्दाम घेऊन जायची.

साफोचं तिनं आधीच ऐकलं होतं. वाईट वाटलं, असं तिनं एकदा म्हणून टाकलं, आणि मग खरं बोलायला लागली. साफोची आई, ती आदोमा, तिच्या घराण्याचं रक्तच गढूळ, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. माझी आई नव्वदीत स्वतः लाकडं फोडत होती. माझा थोरला भाऊ अजून ताडावर चढतो. माझ्या रक्तात कुणाला काही झालं नाही, तुलाही होणार नाही, जेव.

दापा जेवला. पण बोटं सुपात बुडवताना त्याच्या डोळ्यांपुढे बाप येत होता. ट्रकच्या आवारात ड्रायव्हरवर ओरडता ओरडता बाप एकदम टायरवर बसला होता. डोकं दुखतंय, पाणी दे, म्हणाला. पेला हातात धरला आणि हातातून सुटला. तेव्हा बाप सेहेचाळीस वर्षांचा होता, आणि पोट असंच, पुढे.

बापाच्या मयतापासूनच साफोशी बोलणं बंद होतं. बापाची शवपेटी मुलांनी आणायची, अशी आमची रीत. मुलं दोन घरांची; कुणी कुणाला विचारलं नाही, आणि पेट्या दोन आल्या. दापाकडची पेटी चकचकीत, सोनेरी कड्यांची, सेर्वानं निवडलेली. साफोकडची साधी पण रुंद. बापाच्या कुळातल्या म्हाताऱ्यांनी सेर्वाचा मान राखून आधी दापाची पेटी घेतली. बाप तिच्यात मावला नाही. खांदे आत गेले तर पोट वर, पोट दाबलं तर झाकण लागेना. सगळ्या मांडवासमोर त्याला पुन्हा बाहेर काढलं आणि साफोच्या पेटीत ठेवला. सुताराकडे माप सेर्वानंच दिलं होतं. नवरा एवढा जाड होता हे तिनं कधी मान्यच केलं नव्हतं. साफो तेव्हा नुसता बघत राहिला. दापाला ते बघणं ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दापा दवाखान्यात गेला नाही. बाजारात छत्रीखाली वजनाचा काटा आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन बसणारा एक माणूस होता, त्याच्याकडे गेला. आकडा जवळपास तोच आला. दापा म्हणाला, तुझ्या यंत्राची बॅटरी उतरलीय. त्या माणसानं वाद घातला नाही, काट्यावर उभं राहायला सांगितलं. काट्याचा काटा गरकन फिरून पार पलीकडच्या टोकाला टेकला आणि तिथंच थरथरत राहिला. आजूबाजूच्या बायका हसल्या. एक म्हणाली, चेअरमन, काटा आमच्यासाठीही ठेवा थोडा.

मग त्याची अशी गत झाली, की एका जागी दोन मिनिटं बसवेना. तावियाहच्या दुकानावरून जायला नको म्हणून तो रोज लांबच्या रस्त्यानं, नाल्याकडून, चिखलातून घरी जायला लागला. मोठा पट्टा आलाय, असा तिचा निरोप बोन्सूनं आणला, तर तो बोन्सूवरच खेकसला. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात ठोके पडायचे. मग उठायचा, पाणी प्यायचा, आरशात तोंड बघायचा, दोन्ही गाल फुगवायचा, ओठ सारखे हलतात का बघायचा. उजवा हात वर, डावा हात वर. हलतात. पुन्हा झोपायचा, पुन्हा ठोके. त्याला खूप भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय हे चारचौघांत सांगण्याची सोय त्याच्या पोटानं ठेवली नव्हती.

बोन्सूनंच शेवटी तोंड उघडलं. तो म्हणाला, तुझं साफोशी रक्ताचं काही नाही ना? मग त्याचं नाव काढलं की तू गिऱ्हाइकाला भलताच गिअरबॉक्स का दाखवतोस? जा, बघून ये, सोक्षमोक्ष लाव.

सोक्षमोक्ष हा शब्द दापाला पटला. आदोमाच्या घरात हे दुखणं आहे एवढं एकदा तिच्याच तोंडून ऐकायचं. तिचा एखादा भाऊ, एखादा मामा, कुणीतरी असणारच. ते कळलं की आपण सुटलो, रात्री झोप येईल, दवाखाना नको नि गोळ्या नकोत. आजाऱ्याच्या विचारपुशीला जायचं हे वरवरचं कारण. आत खरं हे होतं, आणि त्याची त्याला थोडी लाजही वाटत होती. त्यानं संत्री घेतली आणि मिनीबस पकडली. दोघांची जागा व्यापतोस म्हणून कंडक्टरनं टोमणा मारला, तोही त्यानं गिळला.

पुरुषांच्या लांबलचक वॉर्डात त्यानं साफोला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. ओळखलं ते अंगाच्या आकारावरून. चादरीखालचं पोट, उशीवर दुमडलेली मान, खाटेबाहेर आलेली रुंद पावलं. क्षणभर दापाला वाटलं, त्या खाटेवर आपणच झोपलोय आणि आपल्यालाच भेटायला कुणीतरी आलंय.  परत फिरावं असंही वाटलं, पण आदोमानं त्याला पाहिलं होतं.

आदोमा ठेंगणी, गोल चेहऱ्याची. पण आता खंगून गेली होती. ती उठली नाही. सेर्वाचा मुलगा शेवटी आला म्हणायचा, एवढंच बोलली आणि स्टूल पायानं पुढे सरकवलं. दापानं संत्री ठेवली. कसं झालं, काय झालं, हे विचारून झालं. मग त्यानं घसा खाकरला.

"मावशी, तुझ्याकडे आहे का कुणाला हे? तुझे भाऊ, मामा?"

आदोमाच्या डोळ्यांत एकदम जाळ आला. "तुझ्या आईनं पाठवलं का हे विचारायला? सांग तिला, माझे चार भाऊ शेतावर राबतात, एकाचंही रक्त चढलेलं नाही. माझा मामा पंच्याऐंशीचा आहे, परवा चालत इथं येऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, त्यांनाही हेच सांगितलं. माझ्या आईची शपथ, माझ्या रक्तात हे नाही. कुणीतरी दृष्ट लावली माझ्या पोराला."

 हेच शब्द, हाच स्वर, हेच हातवारे दापानं त्या रात्री आईकडे जेवताना ऐकले-बघितले होते. फक्त भाऊ ताडावर चढण्याऐवजी शेतावर होते. दोन बायका, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या, आपापल्या आईची शपथ घेऊन सांगत होत्या की आमच्याकडे हे नाही. दोघी खोटं बोलत नव्हत्या. मग सेर्वाच्या मुलात आणि आदोमाच्या मुलात एकसारखं जे काही होतं ते कुठून आलं? दोघांना मिळून होता कोण? एकच माणूस होता, आणि तो पेला हातातून सोडून टायरवरून घसरला होता.

 दापानं शर्टाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. उभा राहिला, बसला.

खाटेवर साफोचे डोळे उघडले होते. तो बराच वेळ दापाकडे बघत होता, त्या मांडवात बघितलं होतं तसंच. मग त्याचा डावा हात चादरीवरून सरकत आला आणि दापाच्या पोटावर टेकला. त्यानं ओठ हलवले. एकच बाजू हलली. आदोमा वाकली, पण तिला कळलं नाही. दापाला कळलं.

"या वेळी," साफो शब्द ओढत म्हणाला, "पेटी रुंद आण."

त्याच्या तोंडाची डावी बाजू हसत होती. दापाही हसला, आणि हसता हसता त्याचा बांध फुटला. एवढा मोठा माणूस पुरुषांच्या वॉर्डात, सगळ्यांसमोर, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत रडला. तो साफोसाठी रडत होता की बापासाठी की स्वतःसाठी, हे त्याला सांगता आलं नसतं. आदोमा आधी बावरली, मग तिनं तोंड फिरवून संत्र्याची साल काढायला घेतली. सोललेल्या संत्र्याचा अर्धा भाग तिनं दापाच्या हातात ठेवला.

खाटांवरून फिरत सिस्टर आली तेव्हा दापानं स्वतःहून बाही वर केली. तिच्याकडे रुंद पट्टा होता, दंडाभोवती नीट बसला, कुठे चरचरला नाही. आकडा तावियाहच्या आकड्यापेक्षा जरासाच कमी आला. सिस्टरनं विचारलं, तुम्ही याचे कोण? दापानं सांगितलं, भाऊ. ती म्हणाली, दिसतंच आहे, आणि त्याला खाली बाह्यरुग्ण विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, वजन उतरवायला सांगितलं, आणि गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत हे तीन वेळा बजावलं. वजन लगेच उतरणार नाही, पण गोळी आजच घ्या, असंही म्हणाले.

खरी परीक्षा पुढेच होती. गोळी गिळायला घोटभर पाणी लागतं; सेर्वाला सांगायला काय लागतं ते दापाला माहीत नव्हतं. तो घराच्या अंगणात शिरला तेव्हा ती उखळाशी होती. शेजारची बाई मुसळ चालवत होती, सेर्वा बसून उखळातलं फुफू हातानं उलटत होती. मुलाचा चेहरा बघून तिनं शेजारणीला जायला सांगितलं.

दापानं सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसवत नव्हतं. आकडा सांगितला, गोळ्या दाखवल्या, आदोमाच्या भावांचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आई, हे बापाकडून आलंय. मला आणि साफोला, दोघांनाही."

 सेर्वा हाताला चिकटलेलं फुफू एकेक बोटावरून काढत राहिली. ओरडली असती तर दापाला बरं वाटलं असतं.

"तुझ्या बापाचं मला सगळं अर्धंच मिळालं," ती म्हणाली. "आठवड्यातले अर्धे दिवस. सणाचं अर्धं मटण. मयतात बसायलाही अर्धा मांडव. तू एकटा पुरा होतास. माझ्या रक्ताचा, पुराच्या पुरा. आता म्हणतोस तुझ्यातही त्याचं आहे, आणि तेच तिकडे आदोमाच्या पोरात आहे. म्हणजे तूही मला अर्धाच."

 दापाला पहिल्यांदाच कळलं, की इतकी वर्षं आई त्याला जे वाढत होती ते नुसतं जेवण नव्हतं. तो उखळाच्या कडेवर बसला. त्याला तिची दया आली आणि रागही आला, कारण तिच्या या हिशेबात त्याचा जीव जायची वेळ आली होती.

"गोळ्या टाकून दे," सेर्वा म्हणाली. "धडधाकट माणसाला गोळ्यांनी आजारी करतात. तुझा मामा बघ. मला बघ."

"नाही टाकणार."

"मग माझ्या घरात जेवू नकोस."

"बरं," दापा म्हणाला. पण तो उठला नाही.

इतक्या वर्षांत तो तिला कधी नाही म्हणाला नव्हता. सेर्वानं त्याच्याकडे बघितलं, हात धुतले, डोक्याचं फडकं घट्ट बांधलं आणि चपला घातल्या. त्या चौकातल्या पोरीकडे चल, म्हणाली. तिला सांग माझं मोजायला. स्वच्छ रक्ताचा आकडा कसा असतो ते एकदा तूही बघ आणि तिलाही बघू दे. मग तुझ्या गोळ्यांचं काय करायचं ते ठरव.

ती पुढे, तो मागे. गल्लीतल्या बायकांनी कुठे म्हणून विचारलं, तर सेर्वा म्हणाली, दुकानात, पोराला धडा शिकवायला. तावियाहनं दोघांना बघून भुवया उडवल्या. सेर्वा स्टुलावर राणीच्या थाटात बसली आणि आपला काटकीसारखा हात पुढे केला. पट्टा तिच्या दंडाला दोनदा गुंडाळला तरी उरला.

यंत्र घरघरलं, थांबलं. तावियाहनं आकडा बघितला, मग सेर्वाकडे बघितलं. चालत आलात, जरा शांत बसा, म्हणाली. काही वेळानं पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हाताला मोजलं. दापा उभा होता, त्याला यंत्राचा पडदा दिसत होता. त्याला वाटलं आपण चुकीचं वाचतोय.

"मावशी," तावियाह हलक्या आवाजात म्हणाली, "वर एकशे बहात्तर आहे. खाली अठ्ठ्याण्णव. तुम्ही कधी मोजलं होतंत?"

सेर्वानं कधीच मोजलेलं नव्हतं. तिच्या घराण्यात कुणीच मोजलेलं नव्हतं, आणि म्हणूनच तिथं कुणाला काही नव्हतं. तावियाहनं तिला समजावलं, की बारीक माणसाचं रक्त चढत नाही असं नाही. उद्याच दवाखान्यात जाऊन दाखवा. मुलालाही सोबत न्या, कारण हे आईकडून येतं तसं बापाकडूनही येतं, आणि दोन्हीकडून आलं तर आणखी जपायला हवं.

 सेर्वाचे हात मांडीवर पडले होते, त्यांत जीव नव्हता. दापाला वाटलं, आता ही रडेल. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती इतकी लहान झाली होती, की त्याचा तळवा तिच्या खांद्यावर मावत नव्हता.

मग सेर्वानं हळूच मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत गेलं, इतक्या वर्षांत न दिसलेलं. ती तावियाहला म्हणाली, "म्हणजे मलाही आहे. याला जे आहे तेच."

"हो, मावशी."

"बघ," सेर्वा वळून मुलाला म्हणाली. "मी काय म्हणत होते? रक्त आईचंच येतं. तुझ्या बापाचं तुझ्यात काही नाही."

तावियाह काहीतरी बोलायला गेली. दापानं तिला डोळ्यांनी थांबवलं. त्याला हसावं की रडावं कळेना, पण छातीवरचा एक धोंडा उतरला होता आणि दुसरा चढला होता. गोळ्या आता या घरात शिरणार होत्या. उद्या दवाखान्यात जायचं सेर्वानं त्याच पावली ठरवलं, वर विचारलंही, की दोघांना एकच गोळी देतील ना? आदोमाच्या मुलाचं आदोमा बघेल, असं म्हणताना तिचा आवाज खूप दिवसांनी प्रेमळ होता.

परतीच्या चढावर ती पुढे चालत होती, ताठ, जिंकल्यासारखी. दापा मागे राहिला. इतके दिवस तो बापापासून पळून आईच्या आडोशाला येत होता. आता दोन्हीकडून त्याच्या अंगात तेच वाहत होतं, आणि लपायला आतमध्ये एकही जागा उरली नव्हती. उद्या दवाखाना, मग साफोकडे, मग पुन्हा दवाखाना; हे आता जन्मभराचं. आईनं वरून हाक मारली, इतका मागे का रे? धाप लागलीय, असं त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलं, आणि ती थांबली.